फाइलच्या नावातले कॅपिटल-स्मॉल: ‘प्लॅटफॉर्मनुसार’ म्हणजे नक्की कशानुसार?

फोंड्यातल्या एखाद्या शिगमोत्सव समितीकडे मिरवणुकीच्या फोटोंचा फोल्डर आहे असे धरू. त्यात चार फाइली आहेत. दोन कॅमेऱ्याच्या कार्डावरून आल्या, त्यांच्या नावाच्या शेवटी कॅपिटल अक्षरांतले जेपीजी आहे. दोन व्हॉट्सॲपवरून उतरवल्या, त्यांच्या शेवटी तेच जेपीजी स्मॉल अक्षरांत आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला, स्मॉल अक्षरांत ‘*.जेपीजी’ हा पॅटर्न (ताऱ्याच्या जागी काहीही चालेल) दिला आणि जुळणाऱ्या फाइली मोजल्या. विंडोजच्या लॅपटॉपवर चार सापडतात. तोच फोल्डर लिनक्स सर्व्हरवर नेला की दोनच. मॅकवरही दोनच. हे शेवटचे उत्तर भल्याभल्यांना बुचकळ्यात टाकते, कारण त्याच मॅकवर फाइलचे पूर्ण नाव कॅपिटलमध्ये टाइप केले काय आणि स्मॉलमध्ये केले काय, फाइल बिनतक्रार उघडते.

प्रोग्रामात चूक नाही. कॅमेऱ्यातही नाही, कॅमेऱ्यांच्या फाइलनावांसाठी डीसीएफ नावाचे मानक आहे आणि ते कॅपिटल अक्षरे, अंक व अंडरस्कोर एवढ्यावरच भागवते. गोंधळ सुरू होतो तो डॉक्युमेंटेशनमधल्या एका वाक्यापासून. कॅपिटल-स्मॉलचा फरक धरायचा की नाही हे ‘प्लॅटफॉर्मनुसार’ ठरते, अशा अर्थाचे वाक्य बहुतेक भाषांच्या मॅन्युअलमध्ये कुठे ना कुठे असते. वाचणारा त्याचा अर्थ लावतो की लायब्ररी (भाषेसोबत येणारा तयार कोड) डिस्कला विचारून ठरवत असेल. पॅटर्न जुळवताना पायथनची लायब्ररी डिस्कला काहीही विचारत नाही. हा एक मुद्दा पक्का झाला की बाकीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा भेद नाही, म्हणून पुढे फाइलनावे आणि पॅटर्न देवनागरीत लिहिताना कोणते अक्षर कोणत्या रूपात आहे ते शब्दांत सांगितले आहे.

दोन नियम, दोन मालक

पहिला नियम फाइल सिस्टीमचा. एखादे नाव देऊन ‘ही फाइल उघड’ असे सांगितले की शोधण्याचे काम डिस्कवरची रचना करते, आणि ‘पणजी’ हे नाव कॅपिटल पीने लिहिले की स्मॉल पीने, याने फरक पडतो की नाही ते तीच ठरवते. दुसरा नियम लायब्ररीचा. नावांची यादी आधीच हातात आहे, एक पॅटर्न आहे, आणि यादीतले कोणते नाव पॅटर्नशी जुळते ते पाहायचे आहे. हे काम दोन स्ट्रिंगांची तुलना करण्याचे आहे. त्यात डिस्कचा संबंध येत नाही.

फाइल सिस्टीमकडे आधी पाहू. विंडोजची एनटीएफएस नाव जसे दिले तसे जपून ठेवते, पण नेहमीच्या वापरात शोधताना कॅपिटल-स्मॉल एकच मानते. मॅकची एपीएफएस, जी २०१७ च्या हाय सिएरापासून मॅकवर आली, तीही मूळ सेटिंगमध्ये असेच वागते. मात्र डिस्क फॉरमॅट करताना फरक पाळणारा प्रकार निवडता येतो. लिनक्सची ईएक्सटी४ फरक पाळते, त्यामुळे तिथे एकाच फोल्डरमध्ये कॅपिटल पीची ‘पणजी’ आणि स्मॉल पीची ‘पणजी’ अशा दोन वेगळ्या फाइली सुखाने राहतात. पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. या दोन्ही फरक पाळत नाहीत, आणि पेनड्राइव्ह लिनक्सच्या मशीनला लावला तरीही पाळत नाहीत.

इथेच ‘ऑपरेटिंग सिस्टीमनुसार’ हे शब्द अपुरे पडतात. डिस्कचा नियम ऑपरेटिंग सिस्टीमचा नसतो, त्या-त्या डिस्कचा असतो. एवढेच काय, एका फोल्डरपुरताही तो बदलता येतो. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ‘एफएसयूटिल’ या कमांडने एखाद्या फोल्डरला कॅपिटल-स्मॉलचा फरक पाळायला लावता येते. उलट लिनक्सच्या ५.२ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा), म्हणजे २०१९ पासून, ईएक्सटी४ वरच्या एखाद्या फोल्डरला फरक विसरायला लावता येते. त्यासाठी फाइल सिस्टीमवर ती सोय चालू असावी लागते आणि फोल्डर रिकामा असावा लागतो. तेव्हा एकाच मशीनवर, एकाच ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, शेजारशेजारचे दोन फोल्डर वेगवेगळे नियम पाळत असू शकतात.

आता लायब्ररी. पायथनच्या ‘एफएनमॅच’ मॉड्यूलमध्ये त्याच नावाचे फंक्शन आहे. ते फाइलनाव आणि पॅटर्न दोन्ही घेते, दोन्ही ‘ओएस डॉट पाथ डॉट नॉर्मकेस’ या फंक्शनमधून काढते आणि मग जुळवते. सगळी मेख या नॉर्मकेसमध्ये आहे. विंडोजवर ते सगळी अक्षरे स्मॉल करते, शिवाय साध्या स्लॅशचा उलटा स्लॅश करते. विंडोज सोडून बाकी सगळीकडे ते मिळालेली स्ट्रिंग जशीच्या तशी परत देते. मॅक ‘बाकी सगळीकडे’ यातच मोडतो. म्हणून मॅकची डिस्क फरक पाळत नसली तरी मॅकवरचे एफएनमॅच फरक पाळते, आणि आपल्या फोल्डरमध्ये चारऐवजी दोनच फोटो सापडतात.

नॉर्मकेस डिस्कला हातही लावत नाही. नावाची फाइल अस्तित्वात नसली तरी ते चालते. ते पाहते ते एवढेच, की आपण विंडोजच्या पायथनमध्ये आहोत की नाही. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये हे ठळकपणे दिसते: फाइली विंडोजच्या ड्राइव्हवर आहेत, पण पायथन लिनक्सचा आहे, त्यामुळे पॅटर्न जुळवताना नियम लिनक्सचा लागतो. याच्या उलट, विंडोजवर एखादा फोल्डर फरक पाळणारा करून त्यात कॅपिटल आणि स्मॉल अशा दोन फाइली ठेवल्या, तर एफएनमॅच दोन्ही एकाच पॅटर्नला जुळवून देते.

डॉक्युमेंटेशन कुठे चुकवते

पायथनच्या जुन्या आवृत्त्यांत एफएनमॅचबद्दल अशा अर्थाचे वाक्य होते की ऑपरेटिंग सिस्टीम कॅपिटल-स्मॉल एकच मानणारी असेल, तर तुलनेआधी नाव आणि पॅटर्न दोन्ही एकाच रूपात आणले जातात. मॅक वापरणाऱ्याने हे वाचले तर तो काय समजेल? आपला मॅक फरक मानत नाही, म्हणजे एफएनमॅचही मानणार नाही. वाक्य सरळ आहे, वाचकाचा तर्क बरोबर आहे, आणि निष्कर्ष चूक आहे. नॉर्मकेसच्या जुन्या वर्णनात तर विरोध एकाच वाक्यात बसला होता: युनिक्स आणि मॅकवर पाथ तसाच राहतो, आणि फरक न पाळणाऱ्या फाइल सिस्टीमवर तो स्मॉल होतो. मॅकची नेहमीची फाइल सिस्टीम फरक न पाळणारीच आहे. मग वाक्याचा कोणता अर्धा भाग तिला लागू करायचा?

आताची वाक्ये सुधारलेली आहेत. नॉर्मकेस विंडोजवर काय करते ते सांगून, बाकी ऑपरेटिंग सिस्टीमवर पाथ बदलत नाही, असे स्वच्छ लिहिलेले असते. एफएनमॅचच्या वर्णनात नॉर्मकेसचे नाव घेतलेले असते. म्हणजे पूर्ण उत्तर मिळवायला वाचकाला दोन पाने उघडावी लागतात, आणि पहिल्या पानावर थांबलेला माणूस अजूनही अंदाजावरच राहतो. स्वतःच्या प्रोग्रामचे डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने हा खोडा काढून टाकावा. ‘प्लॅटफॉर्मनुसार’ हा शब्द लिहायचाच असेल तर लगेच पुढे प्लॅटफॉर्मांची नावे आणि प्रत्येकावरचे वर्तन द्यावे. उदाहरणार्थ: ‘हे फंक्शन विंडोजवर कॅपिटल-स्मॉलचा फरक धरत नाही. लिनक्स आणि मॅकवर धरते. फाइल कोणत्या डिस्कवर आहे याने उत्तर बदलत नाही. सगळीकडे एकसारखे उत्तर हवे असल्यास अमुक पर्याय द्या.’ चार छोटी वाक्ये आहेत. यातले मॅकचे आणि डिस्कचे वाक्य लोक हमखास गाळतात, आणि वाचकाला नेमकी त्याच दोहोंची गरज असते.

एकाच पॅटर्नमध्ये दोन नियम

पॅटर्न देऊन डिस्कवरच्या फाइली शोधणारे ‘ग्लोब’ मॉड्यूल आणखी एक वळण घेते. पॅटर्नमधल्या ज्या भागात तारा (कितीही अक्षरे), प्रश्नचिन्ह (कोणतेही एक अक्षर) किंवा चौकोनी कंस (आतल्यांपैकी एक अक्षर) असे वाइल्डकार्ड आहे तो भाग ते एफएनमॅचकडून जुळवून घेते. ज्या भागात असे काहीच नाही, तिथे मात्र ते थेट फाइल सिस्टीमला विचारते, हे नाव आहे का? त्यामुळे एकाच पॅटर्नचा एक तुकडा डिस्कच्या नियमाने आणि दुसरा लायब्ररीच्या नियमाने चालतो.

मॅकवरचे उदाहरण घ्या. फोल्डरचे खरे नाव ‘शिगमो’, सगळी अक्षरे स्मॉल. पॅटर्नमध्ये फोल्डरचे नाव सगळे कॅपिटलमध्ये लिहिले आणि पुढे स्लॅश देऊन स्मॉल ‘*.जेपीजी’ लिहिले. फोल्डरच्या नावात वाइल्डकार्ड नाही, म्हणून डिस्कला विचारले जाते आणि डिस्क तो फोल्डर उघडून देते. आतल्या फाइली मात्र एफएनमॅच पाहते, आणि कॅपिटल जेपीजीवाल्या गळतात. मिळालेल्या उत्तरात फोल्डरचे नाव आपण टाइप केले तसे, म्हणजे कॅपिटलमध्येच येते; डिस्कवरचे खरे नाव येत नाही. हे पाथ नंतर एखाद्या डेटाबेसमध्ये ठेवले आणि डेटाबेस लिनक्स सर्व्हरवर नेला, तर एकही फाइल सापडणार नाही. दोष मॅकवर पेरला जातो आणि उगवतो लिनक्सवर, म्हणून शोधायला वेळ लागतो. लिनक्सला लावलेल्या फॅट३२ पेनड्राइव्हवरही असाच प्रकार घडतो.

पूर्ण नाव वाइल्डकार्डशिवाय दिले तरी हेच. मॅकवर कॅपिटलमध्ये लिहिलेले पूर्ण नाव ग्लोबला दिले तर ते ‘सापडले’ म्हणते; त्याच नावात एक तारा घातला की ‘नाही’ म्हणते. तारा घातल्यावर जाळे मोठे व्हायला हवे, इथे ते लहान होते. असे विचित्र वर्तन दिसले की दोन नियमांची सरमिसळ झाली आहे असे ओळखावे.

पाथलिब आणि नवा पर्याय

‘पाथलिब’ मॉड्यूलमध्ये पाथच्या वस्तूला ग्लोब, आरग्लोब आणि मॅच या पद्धती आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ पासून या तिन्हींना ‘केस_सेन्सिटिव्ह’ हा पर्याय देता येतो. ‘ट्रू’ दिले की सगळीकडे फरक धरला जातो, ‘फॉल्स’ दिले की कुठेच धरला जात नाही. काहीच दिले नाही तर पुन्हा तीच जुनी वाट: विंडोजवर फरक नाही, इतरत्र आहे. शिगमोत्सवाच्या फोल्डरसाठी ‘केस_सेन्सिटिव्ह’ला ‘फॉल्स’ दिले की तिन्ही मशीनवर चार फोटो येतात. पायथन ३.१२ किंवा त्यापुढचा असेल तर हाच सर्वांत सरळ उपाय आहे. सर्व्हरवर जुना पायथन असेल तर हा शब्द दिल्याबरोबर प्रोग्राम टाइपएररने थांबतो, तेव्हा आधी सर्व्हरवरची आवृत्ती पाहून घ्यावी.

जुन्या पायथनवर काय करावे? फक्त एक्स्टेंशन, म्हणजे नावातला डॉटनंतरचा शेवटचा भाग, तपासायचे असेल तर पॅटर्नच्या भानगडीत न पडणे उत्तम. फोल्डरमधल्या फाइली ‘इटरडिर’ने एकेक घ्याव्यात, प्रत्येकीचे ‘सफिक्स’ काढून ‘लोअर’ने स्मॉल करावे आणि ते आपल्या संचात आहे का पाहावे, संचात डॉट जेपीजी आणि डॉट जेपीईजी दोन्ही ठेवावेत, आयफोनचे फोटो येत असतील तर डॉट एचईआयसीसुद्धा. हा कोड वाचणाऱ्याला काय चालले आहे ते एका नजरेत कळते आणि प्लॅटफॉर्मचा प्रश्नच उरत नाही.

पॅटर्न वापरकर्त्याकडून येत असेल तर मात्र जुळवावेच लागते. तेव्हा ‘एफएनमॅचकेस’ हे फंक्शन घ्यावे. ते नॉर्मकेसला बोलावत नाही, त्यामुळे ते सगळीकडे सारखे वागते आणि फरक नेहमी धरते. फरक नको असेल तर नाव आणि पॅटर्न दोन्ही आपणच ‘लोअर’ करून त्याला द्यायचे. दुसरा मार्ग, ‘ट्रान्सलेट’ने पॅटर्नचे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवण्याचे अधिक सविस्तर सूत्र) करून घ्यायचे आणि ते ‘इग्नोरकेस’ लावून कंपाइल करायचे. हजारो नावे एकाच पॅटर्नशी ताडायची असतील तर हा दुसरा मार्ग सोयीचा, कारण कंपाइल एकदाच होते. तिसरा, जुना आणि कुठेही चालणारा मार्ग म्हणजे प्रत्येक अक्षराला चौकोनी कंस देऊन त्यात स्मॉल आणि कॅपिटल अशी दोन्ही रूपे लिहिणे. तीन अक्षरांच्या एक्स्टेंशनला तो ठीक आहे. गावाच्या पूर्ण नावाला लावला तर पॅटर्न वाचवत नाही.

एफएनमॅचकडून एफएनमॅचकेसकडे जाताना विंडोजवर एक गोष्ट हातातून निसटते. नॉर्मकेस स्लॅशही बदलत होते. ‘शिगमो’ आणि फाइलनाव यांच्यामध्ये पॅटर्नमध्ये साधा स्लॅश आहे आणि विंडोजने दिलेल्या पाथमध्ये उलटा, तरी एफएनमॅच ते जुळवत असे. एफएनमॅचकेस जुळवत नाही. काल चालणारा प्रोग्राम आज शून्य फाइली दाखवतो आणि संशय कॅपिटल-स्मॉलवर जातो, खरे कारण स्लॅशचे असते. पूर्ण पाथ जुळवायचा असेल तर दोन्ही बाजूंचे स्लॅश आधी एकसारखे करावेत, किंवा पाथची ‘अ‍ॅझ_पॉझिक्स’ पद्धत वापरून सगळे साध्या स्लॅशवर आणावे. आणखी एक: एफएनमॅचमधला तारा स्लॅशलाही गिळतो, त्याला फोल्डरची हद्द कळत नाही. ग्लोबमधला तारा मात्र एका फोल्डरच्या आतच राहतो.

कंसातली अक्षरे

सगळे स्मॉल करून जुळवण्यात एक सापळा आहे आणि तो चौकोनी कंसांत लपलेला असतो. कॅपिटल एपासून कॅपिटल झेडपर्यंतचा पट्टा कंसात देऊन ‘कॅपिटल अक्षराने सुरू होणारी नावे’ मागितली, तर लिनक्सवर तशीच नावे मिळतात. विंडोजवर पॅटर्न आणि नाव दोन्ही स्मॉल होतात, पट्टा स्मॉल एपासून स्मॉल झेडपर्यंतचा होतो आणि कोणत्याही इंग्रजी अक्षराने सुरू होणारे प्रत्येक नाव जुळते. कंसाच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह देऊन उलटा प्रश्न विचारला, म्हणजे ‘कॅपिटलने सुरू न होणारी नावे द्या’, तर विंडोजवर इंग्रजी अक्षराने सुरू होणारे एकही नाव येत नाही. कॅमेऱ्याच्या फाइली कॅपिटल अक्षरांवरून वेगळ्या काढायचा बेत असेल तर एफएनमॅच त्याला उपयोगाचे नाही. एफएनमॅचकेसच वापरावे, नावाला हात न लावता.

गोव्यातली नावे

इथल्या फाइलनावांत आणखी एक पदर आहे. शिवोलीत २४ जूनला सांजावच्या होड्या निघतात, आणि त्या फोटोंच्या फाइलींना बरेच जण पोर्तुगीज स्पेलिंगने नाव देतात. त्यात ‘ए’ या अक्षराच्या डोक्यावर नागमोडी चिन्ह असते. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते: अक्षर आणि चिन्ह मिळून एकच कोड, किंवा साधा ए आणि त्यामागून चिन्हाचा वेगळा कोड. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावे सुट्या रूपात साठवत असे. तिथून लिनक्सवर आलेल्या फाइलीचे नाव कीबोर्डवर टाइप केलेल्या पॅटर्नशी जुळत नाही, आणि ‘लोअर’ कितीही लावले तरी जुळणार नाही, कारण फरक कॅपिटल-स्मॉलचा नाहीच. पॅटर्नमध्ये त्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिले तरी सुट्या रूपात दोन कोड असल्याने ते एकावरच अडते. उपाय एकच. नाव आणि पॅटर्न दोन्ही आधी ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलच्या ‘नॉर्मलाइझ’ फंक्शनमधून एनएफसी, म्हणजे जोडलेल्या, रूपात आणावेत, मग स्मॉल करावेत, मग जुळवावेत.

फाइलचे नाव मराठीत दिले की सुटलो, असेही नाही. देवनागरीत कॅपिटल नाही हे खरे, पण ‘वाऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला ऱ युनिकोडमध्ये एक कोड म्हणूनही येतो आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा दोन कोड म्हणूनही. एनएफसी केले की दोन्ही एकाच कोडवर येतात. ‘मांडवीच्या पायऱ्या’ नावाची फाइल डोळ्यांसमोर असून प्रोग्रामला सापडत नसेल तर आधी हे तपासावे.

गावांच्या रोमन नावांचे दुखणे मात्र कोणत्याही नॉर्मलायझेशनने जात नाही. पणजी, मडगाव, म्हापसा, डिचोली, साखळी या प्रत्येकाची मराठी उच्चारावरून केलेली स्पेलिंग वेगळी आणि पोर्तुगीज काळापासून चालत आलेली वेगळी. प्रोग्रामच्या दृष्टीने ती वेगळी नावेच आहेत. त्यासाठी एक छोटी यादी करून प्रत्येक पर्यायाला एक ठरावीक नाव द्यावे लागते.

फोल्डरचा स्वभाव तपासणे

एखादा फोल्डर कॅपिटल-स्मॉलचा फरक पाळतो का, हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या नावावरून ओळखू नये. त्याच फोल्डरमध्ये स्मॉल अक्षरांच्या नावाची एक तात्पुरती फाइल बनवावी, तिचे नाव कॅपिटल करून ‘आहे का?’ असे विचारावे, आणि फाइल पुसून टाकावी. ‘आहे’ असे उत्तर आले तर फोल्डर फरक पाळत नाही. कॅपिटल करताना फक्त फाइलचे नाव करावे. सगळा पाथ केला तर वरच्या फोल्डरांची नावेही बदलतात, आणि वरचे फोल्डर फरक पाळणारे असतील तर उत्तर चुकते. 

लिनक्सवरून विंडोज किंवा मॅकवर फाइली नेण्याआधी आणखी एक तपासणी करावी, कारण इथे नुकसान भरून येत नाही. फोल्डरमधल्या सगळ्या नावांची स्मॉल रूपे काढून, एका रूपाला एकाहून अधिक फाइली येतात का ते पाहावे. येत असतील तर कॉपी करताना किंवा झिप उघडताना एक फाइल दुसरीवर लिहिली जाऊ शकते.

दोन्ही प्लॅटफॉर्मचे वर्तन एकाच मशीनवर पाहायचे असेल तर पाथलिबचे ‘प्युअरविंडोजपाथ’ आणि ‘प्युअरपॉझिक्सपाथ’ कामाला येतात. कॅपिटल जेपीजीचे नाव दोघांनाही द्या, स्मॉल पॅटर्नने ‘मॅच’ विचारा. पहिला ट्रू सांगतो, दुसरा फॉल्स, मशीन कोणतेही असो. ऑटोमेटेड टेस्टमध्ये हे दोन्ही ठेवले की लिनक्सवर काम करणाऱ्याला विंडोजवरची चूक तिथेच दिसते.

इतर भाषा आणि टूल

पायथन सोडून इतरत्र गेले की नियम पुन्हा बदलतो. गो भाषेतले ‘फाइलपाथ डॉट मॅच’ विंडोजवरही फरक धरते. जावाच्या पाथमॅचरचे डॉक्युमेंटेशन ही बाब अंमलबजावणीवर सोडते. बॅशमध्ये ‘नोकेसग्लोब’ चालू केले नाही तर फरक धरला जातो, मॅकवरसुद्धा. ‘फाइंड’ कमांडमध्ये ‘नेम’ फरक धरतो आणि ‘आयनेम’ धरत नाही. पॉवरशेलचा ‘लाइक’ ऑपरेटर फरक धरत नाही, ‘सीलाइक’ धरतो. फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या टूलमध्ये डॉट गिटइग्नोरमधले (दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीतले) पॅटर्न ‘कोअर डॉट इग्नोरकेस’ या सेटिंगप्रमाणे चालतात, आणि हे सेटिंग गिट रेपॉझिटरी बनवताना किंवा क्लोन करताना डिस्क तपासून स्वतः लिहिते. इथे मात्र डिस्कला विचारले जाते.

वेबसाइटवरचे हरवलेले फोटो

हा सगळा प्रकार सर्वाधिक जाणवतो तो वेबसाइटवर. कळंगुटच्या एखाद्या होमस्टेची साइट विंडोजच्या लॅपटॉपवर बनते. एचटीएमएलमध्ये फोटोचे नाव स्मॉल सीने लिहिलेले, फाइलचे नाव कॅपिटल सीने. लॅपटॉपवर फोटो दिसतो. साइट लिनक्स सर्व्हरवर चढली की फोटोच्या जागी रिकामी चौकट, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. साइटवरच्या सगळ्या फाइलनावांना स्मॉल अक्षरे, मधे जागा नाही, जोडायला हायफन, असा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर हे टळते.

चूक झाल्यावर दुरुस्त करताना विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये फाइलचे नाव कॅपिटलचे स्मॉल केले, तर गिटला बदल दिसत नाही. इग्नोरकेस चालू असल्याने त्याच्या लेखी ते जुनेच नाव आहे. इग्नोरकेस बंद करून पाहण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो मानू नये: डिस्क फरक पाळत नसताना हे सेटिंग बंद केले तर एकाच फाइलच्या दोन नोंदी गिटमध्ये जाऊ शकतात. त्याऐवजी ‘गिट एमव्ही’ने नाव बदलावे. सर्वांत खात्रीचा मार्ग दोन टप्प्यांचा, आधी एखादे तात्पुरते वेगळेच नाव आणि मग हवे ते स्मॉल नाव, आणि नंतर एकच कमिट, म्हणजे बदलांची एकच नोंद. पुश केल्यावर, म्हणजे बदल पाठवल्यावर, सर्व्हरवरचा फोल्डर उघडून पाहावा. फाइली एफटीपीने चढवत असाल तर कॅपिटल नावाची जुनी प्रत तिथे तशीच राहिलेली असते. ती हाताने काढावी लागते.